खांब तरी बोलला

शेजारच्या काकूंच्या घराची किल्ली मी त्यांना परत नेऊन दिली, ही माझी चूक. रागाच्या भरात ती झाली असती तर निदान तसं म्हणता आलं असतं. पण मी नीट विचार करून, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो आणि दिली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी कुठे ना कुठे स्वतःला सांभाळून घ्यायला बघणार, आणि वाचणाऱ्यानं ते चालू देऊ नये.

ती किल्ली काय होती तेही सांगायला हवं. काकू सत्तरीच्या बऱ्याच पुढे गेलेल्या. तरुणपणी मिरजेहून नर्स म्हणून इकडे लंडनला आल्या आणि इथल्याच एका हॉस्पिटलातून वॉर्ड सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या. काका गेल्यापासून त्या घरात एकट्या. मुलगा दूर उत्तरेला राहतो. आईनं आपल्याकडे यावं असं तो म्हणायचा आणि काकू ऐकायच्या नाहीत. शेवटी दोघांचा समझोता झाला तो एका बटणावर. काकूंनी ते बटण कायम गळ्यात घालायचं. पडल्या, चक्कर आली, तर दाबायचं. ते दाबलं की कुठल्याशा केंद्रात फोन वाजतो आणि तिथली माणसं जवळ राहणाऱ्या किल्लीवाल्याला फोन करतात, की जा, दार उघड, बघ. तो किल्लीवाला मी होतो. किल्लीवाला जवळ आहे तोवर काकू आपल्या घरात राहणार, नसेल तर मुलगा त्यांना घेऊन जाणार, असं त्या मायलेकरांत ठरलेलं होतं. हे मला माहीत होतं. किल्ली माझ्या हातात देताना काकू म्हणाल्या होत्या, "घर माझं आहे, पण यापुढे मला त्यात ठेवणारा तू."

आमचं घर आम्हाला मिळालं तेही काकूंमुळे. वेम्बलीच्या एका हॉलमध्ये मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. माझी बायको फराळाच्या रांगेत त्यांच्या मागे उभी होती. आम्ही घर शोधतोय म्हटल्यावर काकू म्हणाल्या, "माझ्या शेजारचं निघतंय. अजून विक्रीची पाटी लागली नाही. उद्याच या." आम्ही गेलो. जुन्या लाल विटांची रांग, उंच खिडक्या, दारांवर रंगीत काचा. पाहताक्षणी बायकोनं माझा दंड दाबला. घर घेतल्यावर मी पहिल्यांदा खिडक्या बदलायचं बोललो तेव्हा काकूंनी मला थांबवलं. "हा कॉन्झर्व्हेशन एरिया आहे बाबा. इथे घर आपलं असतं, चेहरा कौन्सिलचा असतो. रस्त्यावरून दिसेल असं काहीही करायचं तर आधी त्या नगरपालिकेला विचारायचं." मग सहज म्हणाल्या, "तुमच्या आधीचा माणूस छपरावर मोठी खिडकी काढत होता. मी कौन्सिलला लिहिलं. थांबलं ते."

ते वाक्य मी तेव्हा हसून सोडून दिलं. पुढे हीट पंपाच्या वेळी मला त्यातला शब्द न् शब्द आठवला.

आमचा गॅसचा बॉयलर म्हातारा झाला होता. ऐन थंडीत बंद पडायचा, मग त्याच्या समोर उकिडवं बसून बटणं दाबत त्याची मनधरणी करायची. प्लंबर म्हणाला, हा आता फार तर एखादा हिवाळा काढेल. मी खूप वाचलं आणि हीट पंप बसवायचं ठरवलं. बाहेरच्या थंड हवेतसुद्धा जी काही ऊब असते ती ओढून घरात आणणारं हे यंत्र. बाहेरून दिसतं एसीच्या मोठ्या खोक्यासारखं, पुढे पंखा. आमच्या रस्त्यावर तो कुणाकडे नव्हता.

आमचं घर रांगेतलं शेवटचं. एका अंगाला गल्ली, दुसऱ्या अंगाला काकू. मागचं अंगण एवढंसं. खोकं मी गल्लीच्या बाजूला ठेवणार होतो, पण अर्जाआधी कौन्सिलचा सल्ला घेतला तेव्हा तिथल्या प्लॅनिंगच्या बाईंनी कळवलं की तिथे ते गल्लीतून दिसेल, आतल्या कोपऱ्यात सरकवलंत तर बरं. आतला कोपरा म्हणजे काकूंच्या कुंपणाला लागून, त्यांच्या झोपायच्या खोलीच्या बरोबर खाली.

त्या दिवशी मी चार पावलं चालून त्यांच्या दारात जायला हवं होतं.

"अरे, एकदा सांगून ये ना," बायको म्हणाली. "रविवारी डबा द्यायला जातोसच."

"परवानगी येऊ दे. मग पेढे घेऊनच जाऊ."

"त्यांच्या खिडकीखाली येणार आहे ते. पेढ्यांनी काय होणार?"

"काम होईपर्यंत बोलायचं नसतं," मी म्हणालो.

हे माझ्या वडिलांचं वाक्य. ते नागपूरला सरकारी कचेरीत होते. एकदा त्यांची हव्या त्या गावी बदली व्हायची होती, आदेश निघायचा तेवढा बाकी होता, आणि आनंदाच्या भरात त्यांनी ते कचेरीत सांगितलं. आदेश निघाला तो दुसऱ्याच गावाचा. वडिलांनी त्या दिवसापासून एका सहकाऱ्याशी बोलणं सोडलं, ते मरेपर्यंत. त्यानंच काडी घातली याचा पुरावा काय, असं आम्ही कधी विचारलं नाही. आमच्या घरी मग हा नियमच झाला. परीक्षेचा फॉर्म, नोकरीचा इंटरव्ह्यू, स्थळ, प्लॉट, काहीही असो, हातात पडेपर्यंत तोंडातून काढायचं नाही. मी इंग्लंडला निघालो तेव्हासुद्धा शेजाऱ्यांना कळलं ते टॅक्सी दारात आल्यावर. इथली माणसं नेमकी उलट वागतात. भिंतीत खिळा ठोकायचा तरी आदल्या दिवशी शेजारी दार वाजवून सांगून जातो. मला ते नेहमी जरा भाबडं वाटायचं.

अर्ज केला. काही दिवसांनी कौन्सिलच्या माणसानं कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली नोटीस बांधली. अमुक घराच्या मागे अमुक यंत्र बसवण्याचा प्रस्ताव आहे, कुणाचं काही म्हणणं असल्यास कळवावं. असं होतं हे मला माहीत होतं. पण खांबावरच्या नोटिसा कोण वाचतं, असं मी धरून चाललो होतो.

संध्याकाळी काकू फाटकाशी उभ्या होत्या.

"काय रे, पंप बसवतोयस म्हणे."

"हो, म्हणजे... तुम्हाला कुणी सांगितलं काकू?"

"खांबानं. बसला उभी होते. म्हटलं, घरातली माणसं नाही बोलली, खांब तरी बोलला."

"मी सांगणारच होतो हो."

"सांग, सांग. दाबून ठेवलं की पोटात दुखतं. मी नर्स होते, मला विचार." मग त्यांनी डोळे बारीक केले. "आवाज किती करतो तो?"

"काही नाही. फ्रिजएवढा."

"कुणाच्या फ्रिजएवढा? माझा फ्रिज म्हशीसारखा रेकतो."

आम्ही दोघंही हसलो. घरात आल्यावर मात्र माझं हसू पुसलं गेलं. त्यांनी आवाजाचं का विचारलं?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कौन्सिलच्या वेबसाइटवर आमच्या अर्जाखाली एक हरकत आली. लिहिणाऱ्याचं नाव आणि पत्ता काळ्या पट्ट्यांनी झाकलेला. मी ऑफिसात, सँडविच खाता खाता ती वाचली. यंत्राची सतत घरघर होईल, जुन्या रांगेचं रूप बिघडेल, हे सगळं होतंच. पण मधे एक वाक्य होतं: शेजारच्या घरात एक वयस्क बाई एकट्या राहतात, त्या मागच्या खोलीत झोपतात, आणि हे यंत्र त्यांच्या खिडकीच्या अगदी खाली येणार आहे. सँडविच माझ्या हातातच राहिलं. काकू मागच्या खोलीत झोपतात हे रस्त्यावर कुणाला माहीत असणार? मला, माझ्या बायकोला, आणि काकूंना. इंग्रजीही जुन्या वळणाचं, स्वच्छ, काकू बोलतात तसं.

"काकू अशा झाकून लिहिणाऱ्यांतल्या नाहीत," बायको म्हणाली. "तोंडावर बोलल्या असत्या."

"आधीच्या मालकाच्या वेळीही त्यांनीच लिहिलं होतं. स्वतः सांगितलंय त्यांनी."

"सांगितलंय ना? मग? लपवलं का?"

"आवाजाचं विचारलं त्यांनी मला."

"अरे, त्यांच्या उशाशी येतोय तो पंप. मीसुद्धा विचारलं असतं. या रस्त्यावर एवढी घरं आहेत, आणि तुला दिसल्या त्या काकूच?"

मी फोनवर ती हरकत पुन्हा उघडली.

मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात मी इल्फर्डच्या एका मित्राला हे सगळं सांगितलं. काम व्हायच्या आधी बोलायचं नाही हा नियम मी तिथे मोडला, कारण मला सहानुभूती हवी होती. तो म्हणाला, "खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही, ऐकलंयस ना? एक वर चढला की बाकीचे पाय ओढतात. तो मराठी माणूस. इंग्रज पाय ओढत नाही, इंग्रजाला तू चढतोयस हे दिसतच नाही." आजूबाजूचे सगळे हसले. एकानं आपल्या मेहुण्याचा किस्सा सांगितला, दुसऱ्यानं जुन्या भागीदाराचा. आपल्याच माणसाबद्दल वाईट बोलताना त्या टेबलाभोवती जी ऊब होती ती मला फार बरी वाटली. घरी येताना मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत मी जवळजवळ आनंदात होतो. माझ्या संशयाला चार लोकांनी पाठिंबा दिला होता.

मग मी लक्ष ठेवायला लागलो. ही गोष्ट लिहायला मला लाज वाटते. अंगणात गेलो की वर बघायचो. पडदा हलला तर त्या बघत होत्या, नाही हलला तर आडून बघत असणार. दोन घरांमधल्या भिंतीला मी कान लावला, एकदा नव्हे, अनेकदा. त्यांचा फोनवरचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत, आणि न कळणारे शब्द मी माझ्या मनानं भरायचो. एकदा एक माणूस पिशवी घेऊन त्यांच्याकडे आला. भिंतीपलीकडून मोजमापाची टेप सटकन आत गेल्याचा आवाज आला. मी बायकोला म्हटलं, "बघ, सर्व्हेयर आणलाय. आपल्याविरुद्ध तयारी चालली आहे." तो जिन्याला कठडा बसवणारा सुतार होता, हे नंतर कळलं. नव्या कठड्याला हात लावूनच कळलं.

डब्याचंही तसंच. रविवारी आमच्याकडे जे काही होईल त्यातलं काकूंना जायचं. रिकामा डबा परत करायचा नाही ही आपली रीत त्यांनी एवढी वर्षं इथे राहूनही सोडली नव्हती. डब्यात कधी लिंबं यायची, कधी बिस्किटं, कधी कुंडीतला कढीपत्ता. त्या दिवसांत चॉकलेटचा डबा आला. भारी होता. मी बायकोला म्हटलं, "मन खातंय त्यांचं." बायकोनं त्यातलं एक चॉकलेट तोंडात टाकलं आणि म्हणाली, "कुणाचं तरी मन खातंय खरं."

मला शिक्षा करायची होती. त्या शब्दात मी तेव्हा विचार केला नाही, पण दुसरा शब्द नाही. भांडायला पुरावा लागतो आणि तोंड लागतं. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. माझ्याकडे किल्ली होती.

शनिवारी सकाळी गेलो. काकूंनी दार उघडलं. कणकेचे हात, गळ्यात ते पांढरं बटण.

"ये. चहा टाकते."

"नको काकू. ते किल्लीचं बोलायचं होतं. माझं ऑफिसचं काम फार वाढलंय. फोन आला आणि मी मीटिंगमध्ये असलो तर पंचाईत. तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी..."

मी किल्ली पुढे केली. त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं, कणीक लागलेली, म्हणून मीच ती शेजारच्या फळीवर ठेवली.

"बरं," त्या म्हणाल्या.

"तसा मी आहेच शेजारी."

"हो. तू आहेसच." मग त्यांनी विचारलं, "दुसरं काही बोलायचंय?"

"नाही."

"मग बस, चहा घे."

"मीटिंग आहे."

"शनिवारी?"

मी घड्याळाकडे बघितल्यासारखं केलं आणि परतलो.

त्यानंतर एका सकाळी मी कचऱ्याचे डबे रस्त्याच्या कडेला ओढत होतो. गल्लीपलीकडे राहणारा इंग्रज गृहस्थही त्याचे डबे लावत होता. निवृत्त माणूस, सायकल चालवणारा. इतक्या वर्षांत आमचं बोलणं हवामानापलीकडे गेलं नव्हतं. पाऊस येणार असं म्हणून झाल्यावर त्यानं अगदी मोकळेपणानं विचारलं, "तुझ्या पंपाचं काय झालं? माझं पत्र मनाला लावून घेतलं नाहीस ना?"

"तुमचं पत्र?"

"कौन्सिलला लिहिलेलं. तुझ्याविरुद्ध काही नाही हं. मी सगळ्यांनाच लिहितो. पंप, सॅटेलाइट डिश, प्लास्टिकच्या खिडक्या. कुणीतरी लिहायला हवं, नाहीतर हा रस्ता रस्ता राहणार नाही."

"पण त्यात त्या बाई मागच्या खोलीत झोपतात असं लिहिलं होतं. ते तुम्हाला..."

"ते तुझ्याच अर्जात होतं की!" तो हसला. "आवाजाच्या भागात. शेजारी वयस्क बाई एकट्या असतात, मागे झोपतात, म्हणून कमी आवाजाचं यंत्र निवडलं आहे. मी म्हटलं, मुद्दा चांगला आहे, उचलू या."

मी लिहिलं होतं. अर्ज भरताना, आपण किती विचारी शेजारी आहोत हे दाखवायला, मीच ते वाक्य घातलं होतं आणि विसरून गेलो होतो. जे काकूंना तोंडानं सांगितलं नाही ते मी कौन्सिलला लिहून दिलं होतं, आणि ते सगळ्या गावाला वाचायला मोकळं होतं.

"तुझ्या शेजारणीनं मला चांगलंच धुतलं मात्र," तो डब्याचं झाकण दाबत म्हणाला. "बसस्टॉपवर, सगळ्यांसमोर. मी तिला सांगितलं की तुझ्या झोपेसाठी लिहिलंय. तर म्हणाली, माझ्या झोपेची काळजी करायला माझा शेजारी आहे, तू कोण?"

मी डबे तिथेच सोडून घरात आलो.

इथे कुणालाही वाटेल की मी तसाच काकूंकडे गेलो असेन. मी गेलो नाही. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग जा आता." मी म्हणालो, "काय सांगू जाऊन? मी त्यांच्यावर संशय घेतला हे त्यांना कुठे माहीत आहे? त्यांना वाटतंय ऑफिसचं काम. उगाच कशाला दुखवायचं?" "त्या वॉर्ड सिस्टर होत्या," ती म्हणाली. "लोकांच्या तोंडाकडे बघूनच आयुष्य काढलंय त्यांनी."

माझा हिशेब असा होता की माफी मागितली तर गुन्हा सांगावा लागणार, आणि न सांगितला तर तो झालेलाच नाही. संशय घेताना मी जेवढी हुशारी वापरली तेवढीच ती लपवताना वापरली. मी पुन्हा रविवारचे डबे नेऊन द्यायला लागलो, जरा जास्त भरून. त्यांचे कचऱ्याचे डबेही रस्त्यापर्यंत ओढून ठेवायला लागलो. त्या दारातून "थँक यू हं" म्हणायच्या, पूर्वी असं म्हणत नव्हत्या. पूर्वी म्हणायच्या, "नीट धर, सांडशील."

कौन्सिलच्या बाई येऊन जागा बघून गेल्या. आणि एका दुपारी परवानगी आली. पंपाभोवती लाकडी जाळी लावायची आणि रात्री तो मंद चालवायचा, एवढ्या अटी. काम झालं होतं. आता बोलायला हरकत नव्हती, पेढे न्यायला हरकत नव्हती. मी ऑफिसातल्या एकाला सांगितलं. तो म्हणाला, "नाइस."

त्याच आठवड्यात बायको काकूंकडून आली ती कोट न काढताच खुर्चीत बसली.

"त्या जाताहेत. मुलगा येतोय न्यायला."

"म्हणजे? काही दिवस?"

"कायमच्या. ते बटणवाले दर वर्षी फोन करून तपासतात ना, त्यांनी किल्लीवाल्याचं नाव विचारलं. काकू म्हणाल्या, सध्या कुणी नाही. त्यांनी मुलाला कळवलं." तिनं पर्स टेबलावर ठेवली. "मुलानं विचारलं, शेजारचे अंकल होते ना? तर काकूंनी सांगितलं, त्याचं ऑफिसचं काम फार वाढलंय रे, त्याला त्रास नको. तुझं खोटं तुझ्यासाठी त्या चालवताहेत."

"समोरच्या पोलिश जोडप्याला विचारता आलं असतं."

"त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, पुन्हा एकदा किल्ली कुणाच्या हातात द्यायची आणि परत घ्यायची, तेवढी उमेद नाही राहिली."

शनिवारी सकाळी त्यांच्या दाराशी मुलाची गाडी उभी होती. मी गेलो. मुलानं दार उघडलं. तो इथेच जन्मलेला, माझ्याहून थोडाच लहान, तरी मला अंकल म्हणणारा. त्याचं मराठी प्रेमळ आणि मोडकं. "या या अंकल. आई किचनमध्ये आहे. तुमची पंप आली?"

"परवानगी आली," मी म्हणालो.

जिना चढून वर जायच्या जागी नवा कठडा होता. त्याच्यावर हात टेकून मी क्षणभर उभा राहिलो. स्वयंपाकघरात काकू भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. कोपऱ्यात वॉशिंग मशीन जोरात फिरत होतं, ओटा थरथरत होता.

"आलास? त्या खोक्याला टेप लाव. कात्री तिथे आहे."

मी टेप लावली. एक खोकं झालं, दुसरं झालं. मग म्हटलं, "काकू, किल्ली मला परत द्या. मी मुलाशी बोलतो. ऑफिसचं मी बघतो."

"ते ठरलं रे आता. खोली रंगवून घेतली त्यानं. सून सुट्टी काढून बसली आहे." त्यांनी एक वाटी कागदात घातली. "जाऊ दे. जायचंच होतं कधीतरी."

"सॉरी, काकू."

"सॉरी काय? इथे बसमध्ये पाय लागला तरी सॉरी म्हणतात. कशाबद्दल?"

मी काहीतरी पुटपुटलो. मशीन आणखी वेगात फिरायला लागलं. काकूंनी कानाला हात लावला. "काय? मोठ्यानं बोल. काही ऐकू येत नाही मला."

मुलगा रिकामं खोकं घेऊन दारात येऊन उभा राहिला होता. त्याच्यासमोर बोलायचं नव्हतं मला. पण तो जाईपर्यंत थांबलो असतो तर मग मशीन थांबेपर्यंत थांबलो असतो, आणि मग गाडी निघेपर्यंत. मी काकूंच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि मशीनच्या वरताण आवाजात, जवळजवळ ओरडून बोललो.

"काकू, कौन्सिलला आमच्याविरुद्ध तुम्ही लिहिलंत असं मी धरून चाललो. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी तुम्हाला विचारलंही नाही. माझं ऑफिसचं काम वाढलं नव्हतं. तुम्हाला शिक्षा करायची म्हणून मी किल्ली परत केली. या रस्त्यावरच्या एवढ्या लोकांतून मी फक्त तुमच्यावर संशय घेतला, कारण तुम्ही एकट्याच आपल्यातल्या होतात. बाकीच्यांवर घ्यायला मला संकोच वाटला, तुमच्यावर घेताना काहीच वाटलं नाही. पत्र कुणाचं होतं ते मला कळलं, तरी मी आलो नाही, तुम्हाला माहीत नसेल तर आपलं निभावेल म्हणून. तुम्हाला हे घर सोडावं लागतंय ते माझ्यामुळे. माझं चुकलं, काकू. मला माफ करा."